करवतीचं दुसरं टोक

रंधा मारला तसं लाकडातून पाणी सुटलं. ते पावसाचं पाणी नव्हतं, लाकडाच्या आतलं होतं. ऐनाचा बारा फुटी ओंडका त्याच सकाळी कणकवलीच्या गिरणीतून टेम्पोने आला होता. मी तळहात फिरवून पाहिला तर हात चिकट ओला झाला. शेजारी माझे भावजी, लवू तारी, उभे होते. त्यांनी माझा हात बघितला आणि तोंड समुद्राकडे फिरवलं.

"ह्येच्यार इंजिन बसवचा नाय," मी म्हटलं.

"मगे कशार बसवतलस? तुझ्या डोक्यार?"

साल एकोणनव्वद. नारळी पौर्णिमेला सव्वीस दिवस उरले होते. भावजींची 'सातेरीप्रसाद' माडाच्या झापांच्या शाकारणीखाली पोट उघडं टाकून बसली होती. बेचाळीस फुटी लाकडी बोट, माझ्या वडिलांनी बांधलेली. तिचं जुनं दोन सिलिंडरचं इंजिन खोकून खोकून थकलं होतं, म्हणून भावजींनी रत्नागिरीहून सहा सिलिंडरचं नवं डिझेल इंजिन ठरवलं होतं. सात खलाशी त्यांच्या बोटीवर टेकून होते. पौर्णिमेला बोट पाण्यात गेली नाही तर ते सातही जण दुसरा मालक धरणार, आणि एकदा गेलेला खलाशी हंगाम संपेपर्यंत परत येत नाही. म्हणजे माझ्या बहिणीच्या घरची चूल वर्षभर गार. शेवंती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला बाय म्हणायचो.

बोटीच्या पोटात, कण्याच्या दोन बाजूंना, दोन लांब लाकडं बसवतात. त्यांच्यावर इंजिन बोल्टांनी आवळलेलं असतं. ह्याला आम्ही बैठक म्हणतो. जुनी बैठक चार फुटांची होती. नवं इंजिन वजनाला जास्त आणि फिरायला तिप्पट. चार फुटांवर बसवलं असतं तर त्याने तेवढ्याच दोन-तीन फासळ्या हादरवून बोटीच्या फळ्या सुट्या केल्या असत्या. बैठक अकरा फुटांची हवी, नऊ फासळ्यांवर बसलेली, म्हणजे धक्का सगळ्या अंगाला वाटून जातो. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. इंजिन बसवायला येणारे नार्वेकर फिटर आदल्या आठवड्यात मापं घ्यायला आले होते, त्यांनीही कागदावर अकरा फूटच काढले. माणूस सभ्य होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मेस्त्री, इंजिन मी जुळवून देईन. पण खालचं लाकूड तुमचं. ओलं असलं तर इंजिनाच्या उष्णतेने दोन महिन्यांत सुकेल, आकसेल, बोल्ट ढिले पडतील. मग शाफ्ट मोडेल नाहीतर मागचं भोक फाडून पाणी आत घेईल. आणि ते काही बंदरात होणार नाही."

भावजींचं म्हणणं, सगळे ओल्या लाकडावरच बसवतात, तूच एवढा शहाणा. माझे वडील तसं करत नव्हते. ते लाकूड खाडीच्या चिखलात पुरून ठेवायचे, मग तीन पावसाळे सावलीत रचून ठेवायचे, आणि त्यानंतर त्याला हत्यार लावायचे. त्यांच्या मागे त्यांचा रचलेला सागाचा साठा राहिला होता. तो मी आदल्याच वर्षी मालवणातल्या एका बंगल्याच्या दारांना वापरून संपवला होता. म्हणजे खड्डा माझाच होता आणि ओरडत मीच होतो. माझा स्वभाव तेव्हा असाच होता. चूक स्वतःची असली की आवाज दुप्पट चढायचा.

सुकं लाकूड आमच्या वाडीत नव्हतं असं नाही. उंडीच्या झाडांखाली 'मत्स्यगंधा' नावाची जुनी होडी उपडी पडलेली होती. अकरा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी ती उलटली आणि तीन माणसं गेली. त्यातला एक भावजींचा सख्खा मोठा भाऊ, अंकुश. बोट तेवढी लाटांनी परत आणून टाकली. इंजिन काढून विकलं, पण लाकडाला कुणी हात लावला नाही. माणूस खाल्लेल्या होडीचं लाकूड आमच्याकडे दुसऱ्या होडीला लावत नाहीत, चुलीतही घालत नाहीत. ते जागेवर कुजू देतात. पोरं तिच्या आसपास खेळायला जात नसत. तीही वडिलांनीच बांधलेली होती, आणि तिच्या कण्यावर आतून दांडेलीचा सागाचा एक अखंड वासा होता, चौदा फुटी. होडी उपडी पडल्यामुळे वासा छपराखाली असल्यासारखा अकरा वर्षं कोरडा राहिला होता. मी एकदा वाकून आत जाऊन त्यावर हातोडी मारून बघितली होती. आवाज खणखणीत आला.

दुपारी बाय माझ्यासाठी पेज घेऊन आली. ओंडका तसाच पडला होता. तिने विचारलं, मी सांगितलं. भावजींना जे समजत नव्हतं ते तिला दोन वाक्यांत समजलं. मग ती बराच वेळ पेजेच्या भांड्यावरचं झाकण उघडझाप करत बसली.

"आणि सुक्या खय मेळात?"

मी उंडीकडे बघितलं.

ती अंकुशच्या बायकोचं कुंकू पुसताना तिच्या शेजारी बसलेली बाई. मला वाटलं आता भांडं उचलून निघून जाईल. पण ती म्हणाली, "अंकुशभावजींक लाटेन नेल्यान. लाकडान नाय." आणि थोड्या वेळाने, "माझो घोव त्या ओल्या लाकडार बसान दर्यात जावचो नाय. कापूया."

"भावजींक काय सांगू?"

"कायएक सांगू नको. ह्या तुझ्या-माझ्यात रवांदे. तोंड उघडलस तर मी तुझी भयण नाय, आयकलस?"

मी मान हलवली. मला वाटलं, ती ते बोलायची पद्धत म्हणून बोलली.

भावजी इंजिन आणायला रत्नागिरीला गेले. देवळात सप्ता सुरू होता, समाप्तीच्या दिवशी सगळी वाडी महाप्रसादाला बसली. तेवढ्यात आम्ही दोघं होडीखाली शिरलो. बोल्ट गंजून लाकडाशी एक झाले होते, ते मी छिन्नीने मोकळे केले. वासा हातगाडीवर घातला, वर ताडपत्री टाकली आणि माझ्या कामाच्या मांडवात आणला. तिथे खरी पंचाईत पुढे आली. एका वाशाची दोन लाकडं करायची म्हणजे लांबीत चिरायचा, आणि त्याला दोन माणसांची मोठी करवत लागते. एक वर, एक खाली. ह्या कामाला मी कुणाला बोलावणार होतो? बायने पदर खोचला आणि खालचं टोक धरलं.

चार दुपारी आम्ही तो वासा चिरला. ती पेजेचं भांडं घेऊन यायची, म्हणजे बघणाऱ्याला काही वाटायचं नाही. वरून मी ओढायचो, खालून ती. भुसा तिच्या केसांत, डोळ्यांत जायचा, ती डोळे मिटून ओढत राहायची. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन्ही तळहातांना फोड आले, तिसऱ्या दिवशी ते फुटले. मी थांबूया म्हटलं तर म्हणाली, ओढ. लहानपणी वडील मला हत्यारं हातात द्यायचे आणि तिला द्यायचे नाहीत. तिने धरलेली रेघ माझ्यापेक्षा सरळ होती. भावजी परत आल्यावर त्यांनी तिच्या हातांबद्दल विचारलं, तेव्हा तिने विहिरीचा दोर नवीन आहे म्हणून सांगितलं.

लाकडं मी रंध्याने साफ केली. जुन्या बोल्टांची सहा भोकं होती, त्यांत सागाच्या खुंट्या मारून घासल्या आणि वरून तांबडा रंग दिला. भावजींना सांगितलं की कुडाळच्या एका ठेकेदाराकडे सुका साग मिळाला. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी ठेकेदाराचं नावही विचारलं नाही.

ती बैठक मी जशी मन लावून बसवली तसं काम पुन्हा माझ्या हातून झालं नाही. शाफ्टच्या भोकातून पुढेपर्यंत सुतळी ताणली, तिच्या रेषेवर दोन्ही लाकडं धरली, आणि नऊच्या नऊ फासळ्यांना एकेक खाच अशी कोरली की मध्ये कागद जाऊ नये. इंजिन उतरलं. पौर्णिमेला बोट पाण्यात गेली, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे ढकलायच्या आधी भावजींनी बोटीच्या मेस्त्रीचा नारळ आणि टॉवेल माझ्या हातात दिला. वडील हयात असेपर्यंत तो मान त्यांचा असायचा. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, उजव्या बाजूला उभं राहून तो घ्यायचा असतो.

पाण्यात गेल्यावर लाकडी बोट आपलं अंग थोडं बदलते, म्हणून इंजिन जमिनीवर जुळवून भागत नाही. तीन दिवसांनी नार्वेकर पुन्हा आले आणि शाफ्टच्या जोडात पातळ पत्री घालून चारही बाजूंनी फट मोजली. सगळीकडे सारखी. त्यांनी पत्री खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "मेस्त्री, बारा बंदरं फिरलो, पण अशी बैठक बघितली नाही." त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगलो.

त्या कार्तिकात अचानक वादळ उठलं. बोटी बाहेर होत्या. शेजारच्या बंदरातल्या दोन बोटींची इंजिनं जागची हलून बंद पडली, त्या कशाबशा ओढून आणल्या. 'सातेरीप्रसाद' मात्र खाडीच्या त्याच तोंडातून, जिथे 'मत्स्यगंधा' उलटली होती, पूर्ण ताकदीने आत आली. भावजी आणि सात माणसं चालत घरी गेली. रात्रभर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बायका रडल्या. आणि मग भावजी जो तो भेटेल त्याला सांगायला लागले, "इंजिनान वाचवल्यान." सगळं बंदर म्हणायला लागलं, इंजिनान वाचवल्यान. नाक्यावर, देवळात, जाळी विणताना, जिकडेतिकडे इंजिन.

मला ते सहन होईना. बायच्या स्वयंपाकघरात बसून मी कुरकुर केली की इंजिन काय हवेत तरंगत होतं काय. ती भाकऱ्या थापत होती. भावजी बाहेर आहेत ह्याची खात्री करून हळूच म्हणाली, "माका ठाव आसा. पुरे ना?"

पुरायला हवं होतं.

पुढची नारळी पौर्णिमा आली. हंगाम दणक्यात गेला होता, भावजींनी बोट नव्याने रंगवली होती. त्यांनी खास गाडी करून नार्वेकरांना बोलावलं. किनाऱ्यावर सगळी वाडी जमली. सात खलाशी दोर धरून उभे. अंकुशची बायको आरतीचं ताट घेऊन पुढे आली होती, कारण भावजी तिला घरातली मोठी म्हणून मान द्यायचे. मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून नाळेच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. भावजींनी नारळ उचलला, टॉवेल उचलला आणि माझ्यासमोरून जाऊन तो नार्वेकरांच्या हातात दिला.

नार्वेकर संकोचले. म्हणाले, हा मान मेस्त्रींचा असतो ना? मी म्हटलं, असतो. एवढ्यावर विषय मिटला असता. पण भावजी खुशीत होते, चार माणसांत होते, आणि त्यांना गंमत सुचली.

"अरे, लाकूड काय, ता कोणय ठोकता," ते म्हणाले. "पळता ता इंजिन."

माणसं हसली. वाईट अर्थाने नव्हे, सणाला हसतात तशी. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाय अंकुशच्या बायकोशेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिने मान हलवली, अगदी थोडी, नाही म्हणून. मी ते बघितलं. बघितलं नाही असं मला म्हणता येत नाही.

"भावजी," मी म्हटलं, "तुमचा इंजिन कशार बसला ठाव आसा? मत्स्यगंधेच्या वाशार. अंकुशदादा ज्या होडयेत गेलो, तिचा लाकूड. त्या लाकडान तुमका गेल्या कार्तिकात घराक आणल्यान. इंजिनान नाय."

हसू तिथेच थांबलं. माझं म्हणणं खरं होतं, त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि एक क्षणभर मला बरंही वाटलं. मग अंकुशच्या बायकोने हातातलं ताट वाळूत ठेवलं आणि पाठ फिरवून ती घराकडे चालू लागली. दोर धरलेल्या सातांपैकी सगळ्यात म्हाताऱ्या खलाशाने दोर खाली ठेवला. मग दुसऱ्याने ठेवला.

भावजी बोटीवर चढले, इंजिनाच्या खोलीत उतरले. आत ते काहीतरी खरवडत होते, तो आवाज बाहेर ऐकू येत होता. वर आले तेव्हा त्यांच्या नखांत तांबडा रंग होता. खुंट्या सापडल्या होत्या. ते माझ्याकडे आले नाहीत. सरळ बायसमोर जाऊन उभे राहिले.

"तुका ठाव होता?"

बायने दोन्ही हात पदरात घेतले. तिने तोंड उघडायच्या आत मी पुढे झालो. माझ्या आयुष्यात मी शहाणपणाचं काही केलं असेल तर त्या क्षणी, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

"तिका कायएक ठाव नाय," मी म्हटलं. "मी एकट्यान केलंय. कापलंय मी, आणलंय मी."

भावजी तिच्याकडेच बघत राहिले. ते सुतारकाम करत नसले तरी चौदा फुटी वासा एकट्याने चिरता येत नाही हे त्यांना कळत असणार. वर्षापूर्वीचे तिचे हातही त्यांना आठवले असणार. पण त्यांना तिला घरात ठेवायचं होतं.

"माका काय ठाव नाय," बाय म्हणाली. माझ्याकडे न बघता.

'सातेरीप्रसाद' त्या दिवशी पाण्यात गेली नाही, आणि नंतरही कधी गेली नाही. भावजींनी आचऱ्याचा मेस्त्री आणून दोन्ही लाकडं उपटली, देवाला गाऱ्हाणं घातलं, नवी बैठक बसवली. पण खलाशी चढेनात. म्हणाले, वर्षभर ती त्या लाकडाला अंगावर घेऊन फिरली, आता तीही त्यातलीच झाली. त्या सातांतले तिघे यंदा नवे होते, पण चौघे कार्तिकातल्या वादळात त्या बोटीवर होते. मी त्यांना जाऊन विचारलं, तुम्ही वाचलात ना? ते म्हणाले, वाचलो म्हणूनच पुन्हा चढत नाही. शेवटी इंजिन मालवणला विकलं गेलं. बोट उंडीखाली 'मत्स्यगंधे'च्या शेजारी नेऊन ठेवली. बेचाळीस फुटी बोटीचा मालक आणि तांडेल असलेला माणूस गोव्यात दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जाळी ओढायला गेला.

माझ्याकडे पुन्हा कुणी होडी आणली नाही. ह्याने कुठलं लाकूड घातलं असेल कुणाला ठाऊक, असं म्हणायचे, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी कुडाळला जाऊन दारं-खिडक्यांच्या चौकटी करायला लागलो. भाऊबिजेला पहिल्या वर्षी गेलो तर बायचं दार लावलेलं होतं. आत माणसांचा आवाज येत होता. दुसऱ्या वर्षी गेलो नाही. मी मनाशी म्हणायचो, भावजींच्या धाकाने ती असं वागते. मी तिला वाचवलंय, हे तिला माहीत आहे, कधीतरी बोलेल. बावीस वर्षं मी ह्यावर काढली.

भावजी वैशाखात गेले. तेरावं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर मी गेलो. मुलगा मुंबईला परतला होता. बाय मागच्या पडवीत कोकमं फोडत बसली होती, एकटीच. तिने मला बस म्हटलं, उठून चहा टाकला. केस सगळे पांढरे झाले होते. मी इकडचं तिकडचं विचारलं, तिने सगळ्याची नीट उत्तरं दिली. पावसाआधी कौलं शाकारून घ्यायला हवीत म्हणाली. आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं, शेजारचं घरही बंद होतं.

"बाय," मी म्हटलं, "आता आपण दोघाच रवलव. आता तरी बोल माझ्याशी. तू करवत धरलंस, चार दिस. तुझे हात फुटले. मी कोणाक सांगूक नाय."

तिने एक कोकम फोडलं, बिया वाडग्यात टाकल्या, साल सुपात टाकली.

"कसली करवत?"

"बाय."

"माका काय ठाव?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यात रागही नव्हता. "तूच सांगलस ना सगळ्यांसमोर, तिका कायएक ठाव नाय म्हणान?"

मी तिच्या तळहातांकडे बघितलं. दोन्ही कोकमाच्या रसाने लाल झाले होते, त्यांच्यावर दुसरं काही दिसत नव्हतं. तिने कप माझ्याकडे सरकवला. त्या घरात मी नेहमी भालू होतो, शिव्या घालतानासुद्धा भालूच.

"चाय घेवा, मेस्त्री," ती म्हणाली. "थंड जाता."

मी चहा प्यालो, कप धुऊन पालथा घातला आणि कुडाळची गाडी धरली.